मागच्या चाकांवरचं वजन

सगळं सुरू झालं ते वहिनींच्या तारीख बघायच्या सवयीतून. उभी हयात औषधांच्या दुकानात काउंटरमागे गेलेली बाई. कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उलटी करणार, तारीख शोधणार, आणि मगच पुढचं बोलणार. पाहुण्यांनी आणलेला बिस्किटांचा पुडासुद्धा पाहुण्यांच्या देखत उलटा व्हायचा. "हिनं मलाही होकार द्यायच्या आधी उलटा करून बघितला असणार," असं साहेब चारचौघांत म्हणायचे. त्यावर वहिनी म्हणायच्या, "बघितला असता तर बरं झालं असतं."

तर त्या सकाळी दोघं मिळून घरगाडी पुसत होती. घरगाडी म्हणजे साहेबांनी निवृत्तीनंतर घेतलेली, मोठ्या व्हॅनच्या पाठीवर खोली चढवलेली गाडी. आत एक पलंग, एक छोटा ओटा, भिंतीला दुमडून बसणारं टेबल आणि सगळ्यात मागे, एका अरुंद दाराआड, टॉयलेट. आधीच्या मालकानं ती जेमतेम वापरून वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. साहेब काच पुसत होते, वहिनी चाक पुसत होत्या. एकदम त्यांचं फडकं थांबलं.

"अहो, ह्या टायरवर कॅप्सूल आहे."

"काय आहे?"

"कॅप्सूलसारखी चौकट. लांबट, दोन्ही टोकांना गोल. आत चार आकडे. ही तारीख आहे."

"टायरला कसली तारीख?" साहेब काचेवरून न वळता म्हणाले. "टायर म्हणजे काय खोकल्याचं औषध आहे?"

वहिनींनी फोनवर शोधलं. ती तारीखच होती. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्यांनी बोटांवर वजाबाकी केली आणि मग, आकडा आवडला नाही म्हणून, पुन्हा एकदा केली.

"हे टायर बारा वर्षांचे आहेत."

आता साहेब वळले. साहेब वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. ज्या माणसानं उभ्या गावाचे तराजू तपासले, त्याला घेतलेल्या मालात खोट दाखवणं म्हणजे स्वयंपाकिणीला मीठ कमी पडलंय सांगण्यासारखं. "अगं, खाचा बघ खाचा! बोट आत जातंय. गाडी चाललेलीच नाही, तर टायर झिजणार कुठून?"

"झिजले नाहीत, म्हातारे झालेत. हे बघा, कडेला बारीक भेगा पडल्यात. न चालताही म्हातारपण येतं."

हे वाक्य त्यांच्या तोंडून सहज गेलं. साहेबांनी पुसलेली काच पुन्हा पुसायला घेतली.

त्याचं कारण असं. चार वर्षांपूर्वी वहिनींचं एक ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून त्यांना थांबता येत नसे. म्हणजे, बसता-उठता यायचं, भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढता यायचा, फक्त थांबता यायचं नाही. जायचं म्हटलं की तेव्हाच, त्या मिनिटाला जायचं. ऑपरेशननंतर ताईकडे, त्यांच्या मोठ्या बहिणीकडे, निघाल्या होत्या तेव्हा बसमध्ये एकदा ते व्हायचं ते झालं. साहेबांनी अंगातला स्वेटर काढून त्यांच्या कमरेला बांधला, "गार वारा सुटलाय" म्हणाले आणि पुढच्याच थांब्यावर दोघं उतरून परत आली. ऊन मी म्हणत होतं. त्यानंतर त्या विषयावर घरात एक अक्षर निघालं नाही. वहिनी कुठे गेल्याही नाहीत. ताईचा फोन आला की कधी गुडघे दुखायचे, कधी नळाचं काम निघालेलं असायचं. ताईही हल्ली डोळ्यांचं निमित्त सांगून येत नव्हती. दोघी बहिणी फोनवर एकमेकींना "तूच ये" म्हणायच्या आणि फोन ठेवून दोघी डोळे पुसायच्या. निदान एक तरी पुसायची.

आणि मग एक दिवस साहेब ही गाडी घेऊन आले. "मला पहिल्यापासून भटकायची फार हौस," असं त्यांनी सगळ्या इमारतीला सांगितलं. हा माणूस बदलीच्या नुसत्या भीतीनं एकदा बढती नाकारून बसला होता. वहिनींनी गाडीत शिरून मागचं अरुंद दार उघडलं, बघितलं, लावलं, आणि बाहेर येऊन फक्त "रंग छान आहे" एवढंच म्हटलं. बाकीचं वहिनींना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे साहेबांनाही कळलं होतं.

ताईला ह्या वेळी खरोखर सांगितलं होतं, येतेय म्हणून. तेव्हा टायर बारा वर्षांचे निघणं ही नुसती टायरची गोष्ट नव्हती.

उरलेल्या तीन टायरांच्या तारखा बाहेरच्या बाजूला सापडेनात, तेव्हा वहिनी बॅटरी घेऊन गाडीखाली शिरल्या. नेमके तेव्हाच सेक्रेटरी आले. सोसायटीचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झाले होते आणि सल्ला देण्यातून निवृत्त व्हायचा त्यांचा विचार दिसत नव्हता. ह्या गाडीवर त्यांचा पहिल्यापासून डोळा. आधी त्यांनी नोटीस काढली होती की आवारात टॉयलेटसकट खोली उभी करणं हे विनापरवाना बांधकाम आहे. साहेबांनी कळवलं, बांधकामाला चाकं नसतात. सेक्रेटरींनी कळवलं, मग ते हललेलं दाखवा. साहेबांनी गाडी दहा फूट पुढे आणि दहा फूट मागे घेऊन दाखवली, आणि सेक्रेटरींनी सभेच्या इतिवृत्तात "बांधकाम हलते" अशी नोंद केली.

"वहिनी, काही सांडलं का?" गाडीखालून आलेल्या पायांना त्यांनी विचारलं.

"तारखा बघतेय, भाऊजी."

"टायरच्या? अहो, हवा भरा आणि निघा. आमच्या स्कूटरचे टायर वीस वर्षांचे आहेत."

"तुमची स्कूटर वीस वर्षं जिन्याखाली आहे," गाडीखालून आवाज आला.

चारही टायर एकाच वर्षाचे होते. तेव्हा साहेबांनी हुकमाचा पत्ता काढला. "स्टेपनी! ती तर एकदासुद्धा लावलेली नाही. हे बघ, अंगावरचे रबराचे केससुद्धा तसेच आहेत. ही मी मागे लावतो, एक चक्कर मारून दाखवतो, मग बोल." स्टेपनीची तारीख बाकीच्यांहून जुनी आहे, हे वहिनी सांगणार होत्या. पण साहेबांचा चेहरा असा झाला होता, की एवढ्या वयाच्या माणसाला एका सकाळी एवढंच पुरे, असं त्यांना वाटलं. त्या गप्प बसल्या, आणि तीच चूक झाली.

कारण तोवर गाडी भरलेली होती. हौसेनं प्रवासाला निघालेल्या माणसाला आपली माणसं रिकामं जाऊ देत नाहीत. "जाताच आहात तर" ह्या तीन शब्दांनी सुरू होणारी वाक्यं आठवडाभर येत होती. सेक्रेटरींच्या जावयाचं पोट सुटलं होतं, म्हणून त्याच्यासाठी व्यायामाची सायकल. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंची भावाला द्यायची पुस्तकं, खोकी चार. तळमजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंचं भाचीसाठी लोखंडी पायांचं शिलाई मशीन. सगळं मागे, पलंगाखालच्या कप्प्यात. साहेबांनी एकालाही नाही म्हटलं नाही. फार हौशी माणूस म्हणून नाव झालं की ते निभवावं लागतं.

तर केसाळ स्टेपनी लावून साहेब निघाले. फाटकापाशी गतिरोधक होता, सेक्रेटरींनीच भांडून करून घेतलेला. पुढची चाकं चढून उतरली. मागचं डावं चढलं, उतरलं, आणि असा आवाज झाला की मास्तरीणबाई तिसऱ्या मजल्यावरून "कोण गेलं?" म्हणून ओरडल्या. गाडी फाटकाच्या मधोमध एका बाजूला बसली, एखाद्या जाड बाईनं कमरेवर हात ठेवून उभं राहावं तशी. आतल्यांना बाहेर जाता येईना, बाहेरच्यांना आत येता येईना.

साहेब खाली उतरले आणि फाटलेल्या टायरकडे बघत उभे राहिले. वहिनी शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "सांगितलं होतं" हे शब्द अगदी जिभेवर आले होते, ते त्यांनी गिळले.

"कोरी होती गं," साहेब म्हणाले.

"होती खरी."

"हे रस्त्यात झालं असतं तर? तू मागे असतीस तर? त्या... तिकडे?"

"नाही ना झालं," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्या खांद्यावरची धूळ उगाच झटकली.

"मी म्हटलंच होतं," सेक्रेटरी म्हणाले. "बांधकामच आहे हे."

टायरवाला आपल्या टेम्पोतून सामान घेऊन आला. उमदा, बोलका माणूस. त्यानं आधी फुटलेल्या टायरचा फोटो काढला, "भिंतीवर लावायला," आणि मग अगदी त्याच मापाचे चार नवे टायर काढून ठेवले.

"हा किती पेलतो?" साहेबांनी विचारलं.

"पेलतो हो साहेब."

आता मात्र साहेबांच्या अंगात जुना निरीक्षक जागा झाला. "पेलतो हो" आणि "बरोबर आहे हो" ही दोन उत्तरं त्यांनी नोकरीभर ऐकली होती, आणि प्रत्येक वेळी खाली काहीतरी चिकटवलेलं सापडलं होतं. ते गुडघ्यांवर बसले, टायरच्या कडेवरचा आकडा वाचला, ड्रायव्हरच्या दारात लावलेली पट्टी वाचली. टायर छोट्या मोटारीचे होते. माप तेच, पण पेलायचं ओझं हव्या त्याच्या निम्म्याहून थोडं वर. "हे बसतील, पण घर नाही उचलणार. व्हॅनचे काढा, जाड कडेचे. प्रत्येकी हजार किलोचे."

"अन् तारीख दाखवा," वहिनी म्हणाल्या.

टायरवाल्यानं व्हॅनचे टायर आणले. वहिनींनी दोन ठेवून घेतले, दोन परत केले, कारण ते तीन वर्षं गोदामात बसलेले होते. "वहिनी, टायर आहे, दूध नाही," टायरवाला कळवळून म्हणाला. "दूध नासलं तर पोट बिघडतं, एवढंच," वहिनी म्हणाल्या. बिचाऱ्यानं परत जाऊन ताजे आणले. टायर चढले, हवेच्या नव्या तोट्या बसल्या, आणि हवा किती भरायची ते साहेबांनी दारातल्या पट्टीवरून सांगितलं, कारण सेक्रेटरी सांगत होते तो आकडा स्कूटरचा होता. फाटक मोकळं झालं तेव्हा बाहेर ताटकळलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी त्या सन्मानानं घेतल्या.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण साहेब त्या पट्टीकडे बघत राहिले. पट्टीवर लिहिलं होतं, मागच्या चाकांवर एकोणीसशे किलोच्या वर वजन नको. "आपल्या घराचं वजन किती आहे गं?" त्यांनी विचारलं. आयुष्यभर लोकांचं पावशेर पावशेर तपासलेल्या माणसानं स्वतःचं घर एकदाही तोललेलं नव्हतं.

दगडखाणीच्या रस्त्याला ट्रकांचा वजनकाटा होता. सेक्रेटरी सायकलच्या काळजीनं बरोबर आले. काटेवाल्यानं खिडकीतून साहेबांना बघितलं आणि तो उभाच राहिला. फार पूर्वी साहेबांनी त्याच्या काट्याला सील ठोकलं होतं. "साहेब! परत?" एवढंच तो म्हणाला. "अहो, निवृत्त झालो मी," साहेबांनी सांगितलं, तरी त्यानं झाडू आणून गाडी उभी करायची अख्खी लोखंडी पाटी झाडली, एक चुकार कुत्रं हाकललं आणि स्वतः चार पावलं लांब जाऊन उभा राहिला. न जाणो, आपली सावलीही वजनात धरतील.

आधी अख्खी गाडी तोलली. बरोबर, मर्यादेच्या आत. साहेबांची मान ताठ झाली. मग नुसती मागची चाकं पाटीवर घेतली. दोन हजार साठ.

"काटा चुकतोय," साहेब म्हणाले.

काटेवाल्याचा चेहरा पांढरा पडला. "साहेब, नाही हो, आईशप्पथ."

"थांबा." साहेब गाडीत शिरले आणि पलंगाखालून एक लाकडी पेटी ओढत घेऊन आले. निरोप समारंभात खात्यानं दिलेली पितळी वजनं, पेटीसकट वीस किलो, मखमलीत बसवलेली. वहिनी बघतच राहिल्या. "ही कशाला घेतलीत बरोबर?"

"प्रवासात लागतात."

"कुणाला?"

गाडी पाटीवरून खाली घेऊन साहेबांनी पेटी एकटी पाटीवर ठेवली. काट्यावर वीस आले. नेमके वीस. साहेबांनी पेटी उचलली आणि हळूच म्हणाले, "काटा बरोबर आहे." काटेवाल्यानं डोळे मिटून हात जोडले. साहेब नोकरीत असताना जे शब्द त्याला कधी मिळाले नव्हते, ते आज मिळाले.

म्हणजे मागच्या चाकांवर एकशे साठ किलो जास्त होते. मागे तीन-चार ट्रक रांगेत उभे होते, ड्रायव्हर उतरून बघायला आले होते, आणि ट्रक ड्रायव्हरांना वजनाबद्दल मत नसतं असं होत नाही.

"सोपं आहे," सेक्रेटरी म्हणाले. "ते टॉयलेट काढून टाका. पाण्याची टाकी, भांडं, खालची टाकी, पत्रा, दार. सगळं मागच्या टोकाला. काढलं की हलकी."

"ते नाही काढायचं," साहेब म्हणाले.

"का?"

"त्यानं... गाडीचा तोल राहतो."

"तोच तर जातोय की!" एक ड्रायव्हर म्हणाला, आणि बाकीचे हसले.

"मला वाचायला शांत जागा लागते," साहेब म्हणाले.

आता सगळेच हसले. "अहो साहेब," सेक्रेटरींना जोर चढला, "टॉयलेटपायी अख्खा प्रवास अडवून धरताय? रस्त्याच्या कडेला झाडं काय कमी आहेत?"

"मला नाही चालत झाड."

"एवढे नाजूक कधीपासून झालात?"

साहेबांचे कान लाल झाले. ज्या काट्यावर एकेकाळी त्यांच्या नुसत्या येण्यानं माणसं उभी राहायची, त्याच काट्यावर ते पितळी वजनांची पेटी पोटाशी धरून उभे होते, आणि माणसं त्यांना हसत होती. वहिनी पुढच्या सीटवरून हे सगळं बघत होत्या. त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस इथं संध्याकाळपर्यंत उभा राहील, झाडांविषयी वाटेल ते बोलेल, पण खरं कारण सांगणार नाही. पुन्हा एकदा तो स्वेटर बांधत होता. गार वारा सुटलाय म्हणत होता.

त्या खाली उतरल्या.

"त्यांना चालतं झाड," त्या म्हणाल्या. "मला नाही चालत. ऑपरेशन झाल्यापासून मला थांबता येत नाही. तासाभरात जावंच लागतं. चार वर्षं मी कुठे गेले नाही, बहिणीला भेटले नाही. त्या टॉयलेटसाठी ही गाडी घेतलीय त्यांनी. हौसबिऊस काही नाही. त्यांना तर गाडी लागते."

काचेमागच्या आकड्यांचा बारीक गुणगुणाट ऐकू यायला लागला. साहेब पेटीकडे बघत होते. ड्रायव्हर आपापल्या चपलांकडे बघत होते. वहिनींना वाटलं, आता जमिनीनं पोटात घ्यावं, मर्यादा एकोणीसशेची असली तरी.

मग सेक्रेटरींनी घसा साफ केला.

"तासाभरानं म्हणजे..." ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "बरंच बरं आहे, वहिनी."

सेक्रेटरी गाडीच्या मागे गेले, पलंगाखालचा कप्पा उघडला आणि जावयाची सायकल ओढायला लागले. "पोट काय, पायी चाललं तरी कमी होतं," ते म्हणाले. मघा हसलेला ड्रायव्हर पुढे झाला आणि त्यानं मशीन उतरवलं, मग दुसऱ्यानं पुस्तकांची खोकी. काटेवाल्यानं सगळं आपल्या खोलीत ठेवून घेतलं आणि "परत जाताना न्या, एक काडी हलणार नाही" असं साहेबांना बजावून सांगितलं. सगळ्यात शेवटी साहेबांनी आपली पितळी वजनांची पेटी त्याच्या टेबलावर ठेवली.

"अहो, ती राहू द्या की," वहिनी म्हणाल्या. "बसतंय आता मापात."

"नको. पाणीही अर्धीच टाकी घेऊ, वाटेत भरत जाऊ. मागे थोडी जागा असलेली बरी."

"कशाला?"

"असावी," साहेब म्हणाले.

मागची चाकं पुन्हा तोलली. मर्यादेच्या खाली, वर पन्नासेक किलोची सवड. काटेवाल्यानं पावती दिली आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. मग साहेबांचा चेहरा बघून, घाबरून घेतले.

प्रवास दीड दिवसाचा होता. साहेब तासाला न विचारता गाडी कडेला घेत, उतरत आणि चाकांभोवती फिरून टायरांवर हात फिरवत. अगदी सावकाश फिरत, जोवर मागचं अरुंद दार पुन्हा उघडत नाही तोवर. मधेच त्यांना दोनदा ओकारी आली. पण हौशी माणूस. तक्रार केली नाही.

ताई फाटकाशीच उभी होती. आधीच बारीक, आता वाऱ्यानं उडेल अशी झालेली. दोघी बहिणींनी एकमेकींना धरलं, रडल्या, एकमेकींना वाळली म्हणाल्या, पांढरी झाली म्हणाल्या. मग ताई म्हणाली, "दाखव की गं तुझं घर." आत शिरून तिनं ओट्यावरून हात फिरवला, पलंग दाबून बघितला, आणि सरळ मागच्या टोकाला जाऊन अरुंद दार उघडलं. डोळ्यांनी अधू झालेल्या बाईला ते बरं दिसलं.

"ह्याला आतून कडी आहे?"

"आहे."

दार लागलं. बऱ्याच वेळानं ते उघडलं, तेव्हा ताईचा चेहरा असा उजळला होता जणू तिनं आत कुणाला तरी भेटून घेतलं होतं.

"ताई," वहिनींनी हळूच विचारलं, "तुझे डोळे कसे आहेत गं?"

"डोळ्यांना काय झालंय? सुई ओवते मी अजून." आणि मग ताईनं दाराबाहेर उभ्या असलेल्या साहेबांकडे बघून आवाज खाली नेला. "तुझे गुडघे?"

"जिना चढते की."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग आधी कोण हसलं ते कळलं नाही, पण गाडी हलायला लागली इतक्या दोघी हसल्या. चार वर्षं फोन उचलून दोघींनी एकमेकींना एकच गोष्ट सांगितली नव्हती.

"मी येऊ का गं तुझ्याकडे?" डोळे पुसत ताई म्हणाली. "ह्याच्यातून? राहीन थोडे दिवस. पण जागा..."

बाहेर साहेब टायरावर हात ठेवून वाकले होते. ते उठले, त्यांनी घसा साफ केला. जन्मात कुठल्या बाईला विचारला नव्हता तो प्रश्न त्यांनी अतिशय अदबीनं विचारला.

"ताई, राग मानू नका. तुमचं वजन किती?"

"पंचेचाळीस. का हो?"

"मग या," साहेब म्हणाले. "तेवढी जागा ठेवलीय मी."